बांधावरची रुई

शिरपूर तालुका, भाद्रपदातला रविवार

पावसाने उघडीप दिली तशी बांधावरच्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराची मादी घिरट्या घालू लागली. पायाने पानाची चव घ्यायची, पसंत पडलं तर एकच अंडं ठेवायचं आणि उठून पुढच्या पानावर जायचं. लहानपणी शनिवारी मारुतीसाठी रुईची पानं तोडायला जायचे, तेव्हा या पट्टेरी अळ्या पहिल्यांदा दिसल्या. तेव्हापासूनचं हे वेड.

रुईचा चीक विषारी. अळी तेच विष अंगात साठवते, म्हणून पक्षी पुढे फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी विषारी नसतानाही हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते आणि त्या सोंगावर वाचते. तिची अळी वाढते घोळीवर. आपण भाजीला खुडतो त्याच घोळीवर! इतकी वर्षं झाली, तरी मला याचं नवल वाटतंच.

ओसरीतल्या जाळीत सध्या लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या आहेत. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, शेवटची कात टाकली की हिरव्यागार. डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. रोज कढीपत्त्याची ताजी पानं द्यायची, लेंड्या झाडायच्या, गर्दी होऊ द्यायची नाही, कारण एकीला रोग लागला तर सगळ्याच जातात. शेजारच्या आजी विचारतात, "या अळ्या कसाले पाळस व माय?" प्रश्न रास्त आहे. लिंबाची कोवळी रोपं ही अळी खरंच फस्त करते आणि हे फुलपाखरू दुर्मीळही नाही. गावातल्या मुलांना अंड्यापासून पंखांपर्यंत सगळं दाखवायला ते सोपं, म्हणून पाळते. सोडते मात्र लिंबाच्या बागांपासून लांब.

काही जण ब्ल्यू मॉरमॉन मागतात. २०१५ साली ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, तेव्हापासून त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण ते रमतं सह्याद्रीच्या दमट रानात. आपल्या कोरड्या मुलखात बाहेरून आणून सोडायचं, याला मी संवर्धन म्हणणार नाही.

इथल्या फुलपाखरांचा खरा घात होतो तो बांधावर. कपाशीसोबत बांधही तणनाशकाने जाळायची रीत पडली आहे. रुई, घोळ, टाकळा, सगळं एका फवाऱ्यात जातं. मग जाळीतून कितीही फुलपाखरं सोडा, मादीने अंडं घालायचं कुठे? घरच्यांशी यावर पुष्कळ वाद घातला. उत्तरेकडचा बांध यंदा फवारायचा नाही, असं धाकट्या भाऊजींनी अखेर कबूल केलं. तिथे ईश्वरीचा वेल चढवायचा आहे. क्रिमझन रोझ फुलपाखराची अळी ईश्वरी आणि तिच्या कुळातल्या वेलींवरच जगते. बी मिळालं आहे. रोपं आधी पिशवीत करावीत, बांधावर गुरं लागतात.