बॅटरी नवी, तरी टकटक

शनिवार, रात्री

निफाडला माहेरी आलं की आधी थंडीची चौकशी, मग माझी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कितीवर आला, हे आप्पांना पेपर यायच्या आधीच ठाऊक असतं. आज मात्र मी पायरीवर चप्पल काढतेय तोच म्हणाले, "बरी आलीस. ट्रॅक्टर बसलाय."

बसलाय म्हणजे सेल उचलत नाही. चावी फिरवली की टकटकटक, आणि गप्प. बागेतला हा छोटा, १८ एचपीचा डिझेल ट्रॅक्टर माझ्या लग्नाच्याही आधीचा. रंग उडालाय, तासाचं मीटर कधीचंच बंद पडलंय, पण फवारणीचा ब्लोअर घेऊन द्राक्षाच्या ओळींतून फिरतो तो हाच. मोठा तिथे धड वळतही नाही. मणी फुगायला लागलेत, थंडीत भुरी डोकं वर काढतेय. अशा वेळी फवारणी खोळंबली की पानावरची पांढुरकी पावडर घडावर यायला वेळ लागत नाही.

मागच्या महिन्यातच नवी बॅटरी घातली. वायरमन म्हणाला बॅटरी उतरलीय, आप्पांनी पैसे मोजले, थोडे दिवस बरं चाललं आणि पुन्हा टकटक सुरू. आता तोच वायरमन सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, खोलून तिचे कार्बन बघू म्हणतोय. दुकानात जे विकायला ठेवलेलं असतं तेच आधी बिघडतं, हा माझा जुना संशय.

जेवणं झाल्यावर अंधारातच एक करून पाहिलं. हेडलाइट लावले आणि आप्पांना चावी फिरवायला सांगितली. दिवे पार विझल्यासारखे झाले. "बघ, बॅटरीच," आप्पा म्हणाले. दिवे मंदावले की बॅटरी गेली, हे गावात सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण बॅटरीतून निघालेला करंट सेल्फमधून जाऊन परत बॅटरीतच यायचा असतो, आणि परतीसाठी ट्रॅक्टरवर वेगळी वायर नसतेच. इंजिन, गिअरबॉक्स, सगळं लोखंडच परतीची वाट, आणि तिथून बॅटरीच्या मायनसपर्यंत फक्त एक पट्टी. हेडलाइटही त्याच वाटेने परततात. ती वाट बॅटरीजवळ येऊन अडली तर दिवे असेच मरतील, बॅटरी आज दुकानातून आणलेली असली तरी. हे मी सांगत होते आणि आप्पा शेकोटीत पाचट सारत होते. "सकाळी मीटर लाव," एवढंच म्हणाले.

रविवार, दुपारी

सकाळी हात काकडत होते. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, म्हणजे सेल्फला जोर जास्त लागतो नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. त्यात डिझेलला ठिणगी नसते, दाबाच्या उष्णतेनेच ते पेटतं. इंजिन रेंगाळत फिरलं तर पेटणारच नाही. उन्हाळ्यात कसंबसं भागून जाणारं दुखणं म्हणूनच डिसेंबरात उघडं पडतं.

आप्पांना सीटवर बसवलं. गिअर न्यूट्रलला, ब्रेक लॉक, चाकांना दगड, आणि स्टॉपची दांडी ओढून धरायला सांगितली, म्हणजे इंजिन मध्येच पेटायला नको. मीटरच्या सुया बॅटरीच्या शिशाच्या टोकांवरच टेकवल्या, वरच्या क्लिपांवर नाही. क्लिप आणि शिसं यांच्यामध्येही घाण असते आणि क्लिपांवर मोजलं तर ती मोजमापातून सुटून जाते.

नुसतं उभं असताना १२.६ व्होल्ट. चावी फिरवल्यावर १२.२.

आप्पांना वाटलं, फार काही कळलं नाही. मला तर यातच बरंच कळलं. बॅटरी खरंच मेलेली असती तर सेल मारताना आकडा ९.६ च्याही खाली कोसळला असता. चांगल्या बॅटरीवरही भार पडला की तो साडेदहा-अकराच्या आसपास येतो. इथे तो जेमतेम हलला, याचा अर्थ बॅटरी द्यायला तयार आहे, घेणाऱ्यापर्यंत ते पोचतच नाही.

मग वाट तपासायची. प्लसच्या शिशापासून सोलेनॉइडच्या (चावी फिरवली की सेल्फला करंट जोडून देणारा स्विच) जाड बोल्टपर्यंत, चावी फिरवलेली असताना ०.२ व्होल्ट. ही बाजू ठीक. आता एक सुई मायनसच्या शिशावर, दुसरी इंजिनच्या खरवडून चकचकीत केलेल्या लोखंडावर. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं. आकडा सहा ते आठच्या मध्ये नाचायला लागला. बारातले सहा-आठ व्होल्ट अर्थिंगच, म्हणजे ही परतीची वाटच, खाऊन टाकत होती! टकटकही त्याचीच: सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फ करंट मागतो, अर्थिंगवर व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, की पुन्हा ओढला जातो.

मायनसची पट्टी गिअरबॉक्सच्या कुशीत, चिखलाखाली एका बोल्टला बांधलेली. बोल्टला हात लावला तर एवढ्या थंडीत तो कोमट! आप्पांचाही हात लावून घेतला. मग त्यांनी स्वतःच पाना आणला.

आधी मायनस सोडायचं, मग प्लस, बसवताना उलटं. प्लस आधी सोडायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला की जाळच होतो.

बोल्ट सुटला तेव्हा थिंबलखालून, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीखालून, हिरवी भुकटी गळली. विणलेल्या तांब्याच्या पट्टीच्या वरच्या तारा ठीक दिसत होत्या, पण थिंबलपाशी बोटाने वाकवल्या तर मूठभर तारा शेवया मोडाव्यात तशा तुटून आल्या. जेमतेम काही तारा शाबूत, त्याही काळ्या पडलेल्या. बॅटरी बदलताना ही पट्टी इकडेतिकडे हलली असणार, तात्पुरती टेकली असणार, म्हणून ते चांगले दिवस.

हिरवं कुठून आलं हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पावसाळाभर मोरचूद-चुन्याचं बोर्डो, नंतर गंधक, आणि ब्लोअरचा निम्मा धुरळा ट्रॅक्टरच्याच अंगावर. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवायचं नाही, हे इथल्या पोराटोरांना माहीत असतं. द्रावणात विळा बुडवून पात्यावर तांबूस थर चढतो का बघतात, चढला तर अजून चुना टाकतात. एवढी काळजी ड्रमची घेतात. ट्रॅक्टरवर फवारणीनंतर साधी पाण्याची बादली कुणी ओतत नाही.

पिंपळगावचं दुकान रविवार असूनही उघडं मिळालं. जाड पट्टी घेतली, दातेरी वॉशर घेतला. जागा कानसीने पांढरी होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीनचा जाड थर. बॅटरीची टोकं गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली. (काकूंचा सोड्याचा डबा परत स्वयंपाकघरात जाणार नाही, हेही ठरलं.)

चावी. सेल मारताना बॅटरीवर १०.८, अर्थिंगवर ०.२. इंजिन दुसऱ्या फेऱ्यात पेटलं. चालू इंजिनवर बॅटरीला १४.१ मिळतायत, म्हणजे चार्जिंगही ठीक. सेल्फ खोलायचं रद्द. आप्पा काही बोलले नाहीत, ब्लोअर जोडायला गेले.

रविवार, रात्री, नाशिकच्या घरी

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. बारीक वायरी बघताना न्यूट्रलच्या स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पिळून टेप मारलेली दिसली. आणि टूलबॉक्समध्ये टोक जळून खड्डे पडलेला स्क्रूड्रायव्हर. विचारलं, तर आप्पा म्हणे, "सेल नाही उचलला तर डायरेक्ट करायला." सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर आडवा ठेवायचा, ठिणग्या उडतात, कधी कधी इंजिन फिरतं. निम्म्या गावाचं हेच चालतं.

गिअरमध्ये असताना सेल लागू नये म्हणून तो स्विच असतो. डायरेक्ट करताना चावी, स्विच, सगळं टळतं, आणि माणूस उभा असतो मागच्या चाकाच्या अगदी पुढे. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढे येतो. डिझेल इंजिन असं गिअरमध्ये पेटलं की बाजूला व्हायलाही सवड देत नाही. आप्पा सत्तरीला आलेत. मी चिडले, जरा जास्तच. काकू मध्ये पडल्या नाहीत, यावरून त्यांनाही हेच म्हणायचं होतं असं दिसतं.

स्क्रूड्रायव्हर मी बॅगेत टाकून आणलाय. स्विचचा फोटो दिंडोरी रोडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला पाठवला, दोन पिनांचा आहे, बुधवारी मिळेल म्हणाला.

आत्ताच आप्पांचा फोन आला. फवारणी झाली. "स्विच आणशील तेव्हा अर्थिंगची पट्टी अजून एक आण. तात्यांचाही ट्रॅक्टर टकटक करतोय, आणि ते उद्या नवी बॅटरी घ्यायला निघालेत. थांबा म्हणलंय त्यांना."