क्रॉकहॅम हिलची सहल

लंडनजवळच्या आमच्या मराठी मंडळाची उन्हाळी सहल दरवर्षी जून महिन्यात केंटमधील क्रॉकहॅम हिल या खेड्यात जात असे. चार्टवेल या चर्चिल यांच्या जुन्या घरापाशी बसमधून उतरायचे, मरिनर्स हिलवर गवतात सतरंज्या अंथरून डबे उघडायचे आणि दुपार कलल्यावर खालच्या होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात ऑक्टेव्हिया हिल यांच्या कबरीपाशी जमायचे, हा क्रम ठरलेला होता.

पहिल्या वर्षी ती कबर पाहून माझी थोडी निराशाच झाली होती. १८९५ मध्ये रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली यांच्यासह नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू आणि मोकळ्या जागा जपणाऱ्या संस्थेची स्थापना करणाऱ्या बाईंचे स्मारक भव्य असेल, असे मी गृहीत धरले होते. चिटणीसांनी तेव्हा सांगितले की १९१२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबे या मानाच्या चर्चमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव आला होता. परंतु त्यांची स्वतःची इच्छा इथेच, बहीण मिरांडाजवळ विसावण्याची होती आणि घरच्यांनी ती पाळली. चर्चच्या आत त्यांची संगमरवरी निद्रिस्त प्रतिमा आहे. तिच्यापाशी मुले आपोआप हळू आवाजात बोलू लागत. मला मात्र बाहेरची साधी कबरच अधिक त्यांची वाटते.

आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकू तिला ‘बाईंची समाधी’ म्हणत. दरवर्षी त्या ओल्या रुमालाने दगडावरचा पाचोळा पुसत, अक्षरांवरून बोट फिरवत आणि मग मुलांना जवळ बसवून १८६५ सालापासून सुरुवात करीत: लंडनच्या मॅरिलबोन भागातील पडकी घरे, त्यांसाठी लेखक जॉन रस्किन यांनी घातलेले पैसे, दर आठवड्याला भाडे घ्यायला स्वतः दारी जाणाऱ्या ऑक्टेव्हिया, आणि एका खोलीत कोंडलेल्या कुटुंबांना मोकळ्या हवेत बसायला जागा हवी, हा त्यांनी आयुष्यभर धरलेला आग्रह. काकूंनी लग्नानंतरची पहिली वर्षे या देशात एकाच भाड्याच्या खोलीत काढली होती, म्हणून हा भाग सांगताना त्यांचा आवाज जड होई. खजिनदार वर्गणी गोळा करताना न चुकता आठवण देत, की ट्रस्टने आपली पहिली वास्तू, आल्फ्रिस्टनचे धर्मगुरूंचे जुने घर, १८९६ मध्ये अवघ्या १० पौंडांना घेतली होती.

निधनाच्या शताब्दीनिमित्त २०१२ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांच्या नावाची शिळा बसवण्यात आली. पुढच्या वार्षिक सभेत कुणीतरी सुचवले, की यंदा सहल तिकडेच न्यावी. काकू उठून उभ्या राहिल्या. “शिळा जरूर पाहू,” त्या म्हणाल्या, “पण बाईंनी आपल्याला बसायला जागा राखून ठेवली, ती टेकडीवर.” पुन्हा मतदान घ्यावे लागले नाही. त्या जूनमध्ये मरिनर्स हिलवर काकूंसाठी खुर्ची नेली होती. त्यांनी ती बाजूला सारली आणि त्या गवतातच बसल्या.