पुणे ते हंपी गाडीने: कर्नाटकातले टोल, पोलीस आणि सोबत ठेवायची तयारी

नुकतेच पुण्याहून हंपीला स्वतःच्या गाडीने जाऊन आलो. हंपीवर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून इथे फक्त रस्त्याबद्दल लिहितो. त्यातही कागल ओलांडल्यावर जो मनस्ताप झाला, त्याबद्दल.

रस्ता सोपा आहे. राष्ट्रीय महामार्ग 48 ने कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी. तिथून 67 ने गदग, कोप्पळ, होस्पेट. किणीपर्यंतचे टोल आपल्या ओळखीचे असतात. पुढे कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी असे लागत जातात.

त्यानंतरच्या एका नाक्यावर आमचा फास्टॅग वाचला गेला नाही. खात्यात पुरेसे पैसे होते, टॅग चालू होता, आधीच्या सगळ्या नाक्यांवर चालला होता. तरी खिडकीतला माणूस दुप्पट रोख मागू लागला. मागे हॉर्नचा गोंगाट, आणि आपण परराज्यातले. अशा वेळी माणूस पैसे देऊन मोकळा होतो, आणि मला राग आहे तो याच गोष्टीचा. 2018 पासून नियम स्पष्ट आहे: टॅग वैध असेल, त्यात शिल्लक असेल आणि यंत्र बिघडल्यामुळे तो वाचता आला नाही, तर गाडी पैसे न घेता सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. मी ॲपमधली शिल्लक दाखवली, 1033 या महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन लावला, तेव्हा कुठे दांडा वर गेला. पावती मात्र मागूनही मिळाली नाही. रात्री त्याच नाक्याचे पैसे कापल्याचा मेसेज आला! म्हणून सांगतो, नाक्यावर स्क्रीनशॉट काढून ठेवा. चुकीची कपात झाली तर टॅग ज्या बँकेचा आहे तिच्याकडे तक्रार करायची, टोलवाल्याशी भांडून उपयोग नाही.

टॅग खरोखरच बंद पडला तर रोखीने दुप्पट द्यावे लागतात. पण नोव्हेंबर 2025 पासून यूपीआयने सव्वापटच लागतात, हे लक्षात ठेवा. ऑगस्ट 2025 मध्ये 3000 रुपयांना सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास (200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते) खासगी गाडीला चांगला आहे. फक्त तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. राज्याच्या रस्त्यांवरच्या टोलला नेहमीप्रमाणे पैसे कापले जातात, त्यामुळे पास असला तरी शिल्लक ठेवाच.

पोलिसांचा अनुभव जास्त बोचला. एका गावाबाहेर स्थानिक नंबरच्या गाड्या सरसकट जात होत्या आणि एमएच दिसली की बाजूला घेत होते. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी सगळं डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये दाखवलं. "हे चालत नाही, ओरिजिनल दाखवा, नाहीतर पाचशे द्या." गणवेशातल्या पोलिसाने कागद मागितले तर दाखवणं आपलं कर्तव्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण केंद्रीय मोटार वाहन नियम 139 नुसार डिजिलॉकरमधले कागद ग्राह्य आहेत. मी गाडीतून उतरून शांतपणे एवढंच म्हटलं, "साहेब, गुन्हा काय तो सांगा आणि मशीनवर चलन करा, मी भरतो." बराच वेळ ताटकळत ठेवलं, मग जा म्हणाले. बायको-मुलं गाडीत घाबरून बसली होती, त्या वेळेचा हिशेब कोण देणार?

तुम्ही जाल तेव्हा कागद फोनमध्ये ऑफलाइनही उतरवून ठेवा, कारण गदगच्या पुढे आम्हाला मध्येमध्ये रेंज नव्हती. पीयूसीची तारीख निघण्याआधी बघा. ती देशभर चालते, दुसरी काढायला सांगितली तर ऐकू नका. बेळगावात मराठी चालते, हुबळीत हिंदीवर भागतं, त्यापुढे नम्रपणे दोन कन्नड शब्द बोलता आले तर वातावरण निवळतं.

आणि परत आल्यावर काही आठवडे परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघत राहा. कॅमेऱ्याची चलनं उशिरा येतात. फोटोतली गाडी आणि जागा आधी तपासा, चूक दिसली तर तिथेच तक्रार नोंदवता येते.