खारं पाणी

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीला पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. १९९८ च्या मे महिन्यात नदीत नुसती वाळू होती, म्हणून माझा बाप्तिस्मा शेतातल्या हौदात, त्याच पाण्यात झाला. बायबलातल्या रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय मी पाठ केला होता: ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, नव्या जीवनात चालावं म्हणून. पाळकांनी मागून धरून पुरतं बुडवलं. मी घाबरून एक घोट गिळला आणि नवीन जीवनात आल्याबरोबर आधी थुंकलो.

त्याच दिवाळीनंतर कापूस घरात आला. खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, सकाळी येणार, म्हणून आबांनी रात्री फवारणीचा पंप काढला. औषधाचा नाही, साध्या पाण्याचा. थर लावायचा, वरून पाणी मारायचं, पुन्हा थर. मी विचारलं, "आबा, हे काहून?"

"थो काट्यात मारते ना लेका, मंग आपुन काय कराव?"

आबा दर रविवारी मंडळीत प्रार्थना करायचे. डोळ्यात पाणी यायचं त्यांच्या. ते ढोंग नव्हतं, हे मी आजही सांगेन. मी पंप पाठीवर घेतला. पुढची चार वर्षंही घेतला.

मग एका उपासनेत लूकचा तिसरा अध्याय वाचला गेला. यार्देन नदीवर आलेले लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? आबांचाच प्रश्न. जकातदाराला तो म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नको. शिपायाला म्हणतो, जुलमाने पैसे काढू नको, पगारात भागव. नोकरी सोड असं कोणालाच म्हणत नाही. मला तिथं रांगेत आमच्या गावचा कापूसवाला दिसला. त्याला काय सांगितलं असतं, ते कळायला पाळक लागत नाही.

पंप बंद केला. व्यापाऱ्याला फरक पडला नाही. तो गंजीत कोपरापर्यंत हात घालतो, कोरडा कापूस बाहेर काढतो आणि क्विंटलमागे किलोभर कापतोच. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर निदान यंत्र लावतात: ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, १२ च्या वर घेत नाहीत. पण पैशाची घाई असली की केंद्रापर्यंत कोण जातो? त्या पहिल्या वर्षी आबा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

या रविवारी माझ्या मुलीचा बाप्तिस्मा आहे. आता गावात नळाचं गोडं पाणी येतं. ती म्हणाली, "बाबा, हौदात खारंच पाणी भराचं काय?" पाण्याचा तसा हट्ट नाही. पहिल्या काळातल्या मंडळ्यांच्या एका जुन्या शिकवणीत वाहतं पाणी घ्या, ते नसेल तर दुसरं, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता, इतकी मोकळीक आहे. पण नळ एक दिवसाआड येतो, तोही तासभर. तेवढं पाणी हौदात ओतायचं आणि शेजारच्या काकूंना काय सांगायचं?

विहिरीवरची मोटर लावली आहे. मुलगी हौदात उतरून शेवाळ घासते आहे, आणि मी तिला सांगून ठेवलंय, तोंड मिटून घे.