ताडपत्रीखालचा पेंट बूथ

आमच्याकडे लोखंडी कपाटं बनतात. रंगकाम उघड्यावर चालायचं, ओल्या रंगावर धूळ बसायची, म्हणून बंदिस्त पेंट बूथ मागवला. खोकी आली, फिटर आला, आणि त्यानेच विचारलं, "हवेचा परवाना झालाय ना?" मी म्हटलं, आधी बसवून तर घेऊ. तिथेच माझं चुकलं. परवाना बूथ चालवण्यासाठी लागतो असं मी धरून चाललो होतो. तो बसवायला हात लावण्याआधीच लागत होता. फिटर परत गेला, खोकी ताडपत्रीखाली गेली आणि पुढचे चार महिने मी येता-जाता ती बघत राहिलो.

परवान्याच्या अर्जात हवेत काय सोडणार, या प्रश्नापुढे मी छातीठोकपणे लिहिलं, "काही नाही, फिल्टर आहेत." अर्ज परत आला. अर्ज तपासणाऱ्या मॅडमनी फोनवर एवढंच विचारलं, "मग थिनर कुठे जातो?"

मी गप्प. फिल्टर अडवतो ते उडालेले रंगाचे कण. थिनरची वाफ त्यातून आरपार जाते. ती धरायला सक्रिय कोळशासारखी वेगळी सोय लागते. म्हणजे डब्यातलं जे उडून जाणारं आहे ते सगळं हवेत गेलं असंच धरायचं. डबे आणि माहितीपत्रकं घेऊन बसलो. रंगात लिटरमागे 450 ग्रॅम द्रावक, दिवसाला 20 लिटर रंग, म्हणजे 9 किलो. वर 4 लिटर थिनर, त्याचे साडेतीन किलो. रोज साडेबारा किलो! 300 दिवसांचे पावणेचार टन. आजवर थिनर संपला की नवा मागवायचा, एवढाच त्याचा आणि माझा संबंध होता.

पण हिशेब मागितला होता 8760 तासांचा, म्हणजे वर्षातल्या सगळ्या तासांचा. आम्ही आठ तासच काम करतो याला तिथे किंमत नव्हती. बूथ जास्तीत जास्त किती सोडू शकेल ते बघतात. पावणेचार टनांचे जवळजवळ पावणेचौदा टन झाले आणि आम्ही थेट मोठ्या कारखान्यांच्या पंगतीला जाऊन बसलो. मी चिडलो. "मॅडम, रात्री दोन वाजता कपाट कोण रंगवतं?"

"कोणी नाही ना? मग तसं लिहून द्या."

लिहून देणं म्हणजे वर्षाला किती रंग आणि थिनर वापरणार याची मर्यादा आपणहून मान्य करणं. ती परवान्यात अट म्हणून येते आणि मग कितीही मोठी ऑर्डर आली तरी ओलांडता येत नाही. थोडी सैल ठेवून सही केली. मग लोकांना हरकत घ्यायची मुदत गेली, एकही हरकत आली नाही.

चिमणीवर मात्र बरंच अडलं. पावसासाठी आम्ही शंकूची टोपी दाखवली होती, ती काढायला लावली. टोपीला आपटून हवा खाली वळते आणि शेजारच्या छपरावर उतरते. त्याऐवजी चिमणीच्या तोंडाभोवती थोडं रुंद नळकांडं. पाऊस सहसा तिरका येतो, नळकांड्याच्या भिंतीला लागतो आणि मधल्या फटीतून बाहेर निथळतो. फिटरला हे काही पटेना. शेवटी शिडीवर चढून त्याने मगाने तिरकं पाणी मारलं आणि खाली येऊन बूथमध्ये हात फिरवून पाहिला. कोरडा.

आता बूथच्या भिंतीवर फिल्टरच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक दाखवणारं मीटर आहे, आणि शेजारी दोरीने बांधलेली वही. रोजचा रंग, रोजचा थिनर, मीटरचा आकडा. महिना संपला की मागच्या बारा महिन्यांची बेरीज. पहिल्या तपासणीला मॅडमनी तीच आधी उघडली. एका पानावर रंगाऱ्याच्या अंगठ्याचा हिरवा ठसा होता, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. 14 तारखेच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"त्या दिवशी वीज नव्हती, काम बंद होतं," मी म्हटलं.

"मग शून्य लिहा."