तीन अक्षरांचा शब्द

रुग्णांसाठीची माहितीपत्रकं सोपी करणं हे माझं काम. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीचं सूचनापत्रक त्या दिवशी छपाईला निघालं होतं. वाक्यं आखूड, शब्द लहान, वाचायला सोपं असल्याचे गुण उत्तम.

गुण देण्याची आमची रीत रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये इंग्रजीसाठी मांडलेल्या सूत्रावरून घेतलेली. वाक्यात शब्द किती आणि शब्द किती लांब, एवढंच ते सूत्र पाहतं. त्यातले २०६.८३५ वगैरे आकडे मराठीला लावण्यात अर्थ नाही. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे साधासुधा ‘दवाखान्यातून’सुद्धा लांबलचक ठरतो. म्हणून आम्ही वाक्यातले शब्द मोजतो आणि पाच किंवा जास्त अक्षरांच्या शब्दांखाली रेघ मारतो.

तरीही छपाईआधी मी गाळलेल्या जागांची चाचणी घेतेच. विल्सन टेलर यांनी ती १९५३ मध्ये सुचवली: दर पाचवा शब्द गाळायचा, वाचणाऱ्याने तो भरायचा. पत्रकात लिहिलं होतं, ‘रात्री बारानंतर तोंडावाटे काही घेऊ नये. रक्तदाबाची गोळी वगळू नये.’ त्या हिशेबात ‘वगळू’ गळला.

तपासणीसाठी थांबलेल्या एका आजींना कागद दिला. त्या ओळीखाली बोट धरून वाचत होत्या. आम्ही रेघ मारलेला ‘रक्तदाबाची’ त्यांनी न अडखळता वाचला. ती गोळी त्या कित्येक वर्षं घेत होत्या. मग रिकाम्या जागेत त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘घेऊ’.

रक्तदाबाची गोळी घेऊ नये! माझ्या काळजात धस्स झालं. मूळ कागद दाखवला, तर तोही त्यांनी दोनदा वाचला.

“अहो ताई, वर म्हणता काही घेऊ नये, खाली म्हणता वगळू नये. मग घ्यायची का नाही?”

पुढच्या दोघांपैकी एकाने तेच भरलं. ‘वगळू नये’ म्हणजे नकारावर नकार, आणि गोळी हा वरच्या नियमाला अपवाद आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. अक्षरं मोजून हे सापडणार कसं? ‘वगळू’ तर अवघ्या तीन अक्षरांचा.

छपाई थांबवली, भूलतज्ज्ञांना फोन करून नेमकं काय सांगायचं ते विचारून घेतलं आणि लिहिलं: ‘रात्री बारानंतर काही खाऊ-पिऊ नका. फक्त रक्तदाबाची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्या.’

वाक्य लांबलं, ‘पाण्याबरोबर’खाली रेघ आली, गुण उतरले. आजींनी वाचलं आणि म्हणाल्या, “म्हणजे गोळी घ्यायचीच.”

तोच कागद छपाईला गेला.