युगांडातल्या मिशनच्या शाळेला भेट, माझा अनुभव

माझी मामेबहीण कंपालात राहते, तिच्यामुळे मासाका भागातल्या या शाळेबद्दल कळलं. खेड्यातली कॅथलिक मिशनची शाळा, बऱ्याचशा मुलांची आई किंवा बाप किंवा दोघंही गेलेले. मेल केला तर सिस्टरांचं उत्तर लगेच आलं, पण 'या' असं काही नव्हतं त्यात, सरळ यादीच होती. ओळखपत्र, पोलिसांचा दाखला, आपल्याला चांगलं ओळखणाऱ्या माणसांची पत्रं, आणि मुलांच्या सुरक्षेच्या नियमांवर सही. चेहऱ्यांचे फोटो नाहीत, मुलाला एकट्याला घेऊन कुठे जायचं नाही, हातात पैसे किंवा गिफ्ट द्यायचं नाही, आई-वडील कसे गेले हे विचारायचं नाही. मला हे वाचूनच शाळेबद्दल विश्वास वाटला. आपल्याकडेही आश्रमशाळांत पाहुणे येतात, केक कापतात, फोटो काढतात आणि जातात, तिथेही हे व्हायलाच पाहिजे.

पोलिसांच्या दाखल्याचं आधी समजून घ्या, पासपोर्ट ऑफिसचा पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, टुरिस्ट व्हिसावर जाणाऱ्याला देत नाहीत, त्यामुळे मी महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढला आणि तो शाळेला चालला. यलो फिव्हरची लस फक्त ठरलेल्या केंद्रांवर मिळते, निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि ते पिवळं कार्ड येताना पण जपून ठेवा कारण ते नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. ई-व्हिसा ५० डॉलर. या व्हिसावर शिकवायला किंवा काम करायला परवानगी नसते, सिस्टरांनीही ते स्पष्ट लिहिलं होतं, म्हणजे पाहुणी म्हणूनच जायचं.

कंपालाहून मासाका साधारण १३० किलोमीटर, वाटेत विषुववृत्त लागतं. तिथे ज्याला टॅक्सी म्हणतात ती म्हणजे आपली वडाप, भरल्याशिवाय हलत नाही. पुढे लाल मातीच्या रस्त्यावरून बोडा-बोडा, म्हणजे मोटरसायकल, दोन्ही बाजूंना केळी आणि कॉफी. शाळेत जायच्या आधी गावच्या एलसी, म्हणजे लोकल कौन्सिलच्या चेअरमनला भेटावं लागलं, साधारण आपल्या सरपंचासारखा माणूस, त्याने कागद शांतपणे वाचले, माझं गाव विचारलं, मग सही केली. शाळेत व्हिजिटर्स बुक. हे सगळं झाल्यावर मुलं दिसली.

या भागाचा इतिहास माहीत असायला हवा. शेजारच्या, तेव्हाच्या राकाई जिल्ह्यात, व्हिक्टोरिया तलावाकाठच्या कासेनसेरोला १९८२ मध्ये युगांडातले एड्सचे पहिले रुग्ण ओळखले गेले. पुढे घरंच्या घरं गेली, राहिल्या त्या आज्या, त्यांना तिथे जाजा म्हणतात. २००४ पासून सरकारी दवाखान्यांत औषधं फुकट मिळायला लागली आणि चित्र बदललं, पण जाजांनी नातवंडं वाढवायचं काही थांबलेलं नाही.

आणि ही शाळा इतकी छान चालते त्याचं कारण मला तरी हेच वाटलं की ती मुलांना जाजापासून तोडत नाही. जवळची मुलं संध्याकाळी घरी जातात, लांबची होस्टेलला राहतात पण सुट्टी लागली की त्यांनाही घरीच पाठवतात. ज्याचं खरंच कोणी नाही अशी मुलं थोडी. महिन्यातून एकदा जाजांची सभा असते. मी होते तेव्हा एक आजीबाई उठून उभ्या राहिल्या आणि मास्तरांना विचारायला लागल्या, नातीला इंग्रजी येतं मग गणितात कमी का? मास्तरांनी वही आणून, पान उघडून, भागाकार कुठे चुकतो ते दाखवलं. आजींना वाचता येत नव्हतं तरी त्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारत होत्या, आणि मास्तर अजिबात घाई करत नव्हते. ते स्वतः याच शाळेत शिकलेले.

जेवण म्हणजे पोशो, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि घेवड्याची उसळ. चुलीवर भलंमोठं पातेलं, एक बाई दोन्ही हातांनी लाकडी उलथण्याने ढवळतेय, घामाने भिजलेली. घेवडा शाळेच्याच शेतातला. डुकरं आणि कॉफी विकून पण पैसे येतात, त्याचा हिशोब ऑफिसबाहेर फळ्यावर लिहिलेला असतो, कोणीही वाचावा. देणगी द्यायची तर ऑफिसमध्येच, पावती मिळते. मी वह्यांसाठी दिले, वह्या तिथल्याच दुकानातून घ्या, भारतातून बॅगा भरून आणू नका असं सिस्टर म्हणाल्या.

कुणाला जायचं असेल तर टर्म बघून जा, शाळा फेब्रुवारीत, मेमध्ये आणि सप्टेंबरमध्ये सुरू होते. नोव्हेंबरमध्ये सातवीची बोर्डाची परीक्षा असते, तेव्हा सिस्टर पाहुणे घेत नाहीत.